नॉटमच वापरताय? मग या चुका टाळा

माझ्या आतेभावाचं गोव्यात हरमलला छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, आणि त्याचा मेलबॉक्स सांभाळायचं काम मी फोंड्यात बसून करतो. बुकिंग, रद्द झालेली बुकिंगं, लाईटबिलं, पंचायतीची पत्रं, सगळं एकाच खात्यात कोंबलेलं. ब्राउझरमध्ये शोधून शोधून वैतागलो आणि शेवटी नॉटमचवर आलो. हे मेल शोधायचं, टर्मिनलमधलं (म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीतलं) टूल २००९ मध्ये कार्ल वर्थने सुरू केलं, आत शोधायचं इंजिन झापियन, आणि नाव का तर तुमच्या हजारो मेल बघून ते म्हणतं, हॅं, फारशा नाहीतच. खरंच सुसाट आहे, पण सुरुवातीला मी त्यात इतक्या चुका केल्या की आतेभाऊ अजून त्यावरून टोमणे मारतो. (कमांड मी इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमनमध्येच करायच्या हे सांगायला नको.)

सगळ्यात पहिली चूक म्हणजे ते मेल आणून देईल म्हणून वाट बघत बसणं. मी 'नॉटमच न्यू' मारलं, शून्य मेल, परत मारलं, परत शून्य, आणि मग तासभर नेट चेक करत बसलो. अरे, ते मेल आणतच नाही, पाठवतही नाही! डिस्कवर आधीपासून पडलेल्या फायली वाचून ते फक्त सूची करतं, दुकानातल्या खतावणीसारखं, माल आत आणायचं काम दुसऱ्याचं. आणायला एमबीसिंक नाहीतर ऑफलाईनआयमॅप लागतं, आणि फायली मेलडिर पद्धतीच्या हव्यात म्हणजे एका फाईलीत एकच मेल. जुन्या प्रोग्रामातून काढलेली सगळ्या मेलची एकच गलेलठ्ठ एमबॉक्स फाईल असेल तर आधी ती फोडून घ्या. आणि खातं जीमेलचं असेल तर नेहमीचा पासवर्ड एमबीसिंकमध्ये घालून डोकं फोडू नका, साध्या खात्यांसाठी ती सोय गूगलने मे २०२२ अखेर बंद केली, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो.

पहिली सूची व्हायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे जूनमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नाही. त्याचं टेन्शन घेऊ नका, मध्येच थांबलं तर परत 'नॉटमच न्यू' मारा, उरलेलं ते पुढे करतं. उलट दोनदा एकदम चालवू नका. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) दर मिनिटाला लावलेलं 'न्यू' आणि आपण हाताने मारलेलं टॅगिंग एकमेकांना आडवं आलं की जुन्या आवृत्तीत डेटाबेस लॉक असल्याची तक्रार यायची, आताच्यात एक दुसऱ्याचं संपेपर्यंत गप्प थांबतं, आणि माणूस उगाच डेटाबेस बिघडला म्हणून घाबरतो.

सूची झाली की इनबॉक्स टॅगखाली दहा वर्षांच्या मेल दिसतात. ती पण चूक नाही, नव्याने दिसलेल्या प्रत्येक मेलला अनरेड आणि इनबॉक्स हे टॅग लावायचे अशी सेटिंगच असते. 'नॉटमच टॅग -इनबॉक्स -- डेट:..2_मंथ्स' मारलं की दोन महिन्यांपूर्वीच्या सगळ्या बाजूला होतात. मधली अंडरस्कोअर विसरू नका, तारखेत स्पेस चालत नाही.

तारखेवरून आठवलं, हा खड्डा आपल्याकडच्यांसाठी खास आहे. आपण 5/6/2024 लिहिलं की ५ जून. नॉटमच तिरपी रेघ बघितली की अमेरिकन होतं, त्याच्यासाठी ते ६ मे. ५ जूनला आलेल्या एका पाहुण्याच्या ॲडव्हान्सची मेल मी अशी अर्धा दिवस शोधली, आणि तारीख चुकीची असूनही एरर काही येत नाही, कारण ६ मे पण तारीखच आहे ना. 05-06-2024 किंवा 5.6.2024 लिहिलं तर दिवस आधी धरतं, पण मी आता सरळ 2024-06-05 असंच लिहितो, वादच नको.

आता टॅग, कारण खरा घोळ तिथंच होतो. 'बुकिंग', 'परतावा', 'लाईटबिल' असे जे टॅग आपण लावतो ते मेलला चिकटत नाहीत, ते नॉटमचच्या डेटाबेसमध्येच असतात, सर्व्हरवर जात नाहीत आणि फोनवर दिसत नाहीत. पण पाच टॅग याला अपवाद आहेत: ड्राफ्ट, फ्लॅग्ड, पास्ड (पुढे पाठवलेली), रिप्लाइड आणि अनरेड. हे पाच मेलडिरच्या फाईलनावातल्या खुणांशी जोडलेले असतात, नॉटमचमध्ये बदलले की फाईलचं नाव बदलतं आणि पुढच्या एमबीसिंकला ते सर्व्हरपर्यंत पोचतं. मला हे माहीत नव्हतं. एका रविवारी साफसफाईच्या जोशात मी सगळ्यावरचा अनरेड काढला. सोमवारी सकाळी पोदेर पाव देऊन जायच्या आत आतेभावाचा फोन.

"अरे, कालची ती दोन खोल्यांची चौकशी आलेली, तू उत्तर दिलंस काय?"

"मी कशाला देऊ? तू बघणार होतास ना."

"माझ्याकडे वाचलेली म्हणून दिसते रे, मला वाटलं तू बघून घेतलीस."

पाहुणे तोवर मांद्रेला दुसरीकडे गेले. ख्रिसमसचा आठवडा होता, त्यामुळे हे प्रकरण जेवणाच्या ताटावर अजून निघतं. खातं दोघं वापरत असतील तर कॉन्फिगमध्ये मेलडिरखालची सिंक्रोनाइज फ्लॅग्जची सेटिंग फॉल्स करून ठेवा, नाहीतर अनरेडला घाऊक हात लावू नका.

घाऊक टॅग लावताना कंसाचा घोळ पण ठरलेला. मी लिहिलं, फ्रॉम:वीजखातं ऑर फ्रॉम:पंचायत अँड डेट:2024-04-01..2025-03-31, वाटलं दोघांच्याही त्या वर्षाच्या मेल मिळतील. पण अँड आधी चिकटतं, त्यामुळे पंचायतीच्या त्या वर्षाच्या आणि वीजखात्याच्या आजवरच्या झाडून सगळ्या मेल त्या वर्षाच्या हिशेबात घुसल्या. ऑरवाला भाग कंसात टाका, आणि कंस आला की अख्खी क्वेरी (म्हणजे शोधायला लिहिलेली ओळ) सिंगल कोटमध्ये टाका, नाहीतर शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपली कमांड वाचणारा प्रोग्राम, तो कंस आपलाच समजून रुसतं. ताऱ्याचं तसंच, कोटाशिवाय * दिला तर शेल त्याजागी त्या फोल्डरातल्या फायलींची नावं भरतं. आणि टॅग मारायच्या आधी तीच क्वेरी 'नॉटमच काउंट'ला देऊन बघा, आकडा ३० यायला हवा तिथं ३००० आला तर हात आपोआप थांबतो. अनडू नाहीये हो यात.

"मेल गायब झाली" म्हणून मला ज्यांचे फोन येतात त्यातल्या निम्म्यांची मेल जागेवरच असते. डिलीटेड किंवा स्पॅम टॅग लागला की ती नेहमीच्या शोधात दिसत नाही, डिफॉल्टच तसं आहे. कमांडमध्ये --एक्सक्लूड=फॉल्स घाला, किंवा क्वेरीतच टॅग:स्पॅम लिहा, लगेच बाहेर येते. यावरून दुसरं पण कळतं: डिलीटेड टॅग लावून मेल डिलीट होत नाही! नॉटमच स्वतःहून एकही मेल पुसत नाही. जागा मोकळी करायची तर 'नॉटमच सर्च'ला --आउटपुट=फाइल्स सांगून फायलींची यादी काढायची, त्या हाताने पुसायच्या आणि परत 'न्यू' मारायचं. पण पुसायच्या आधी एमबीसिंकमधली एक्सपंजची (कायमचं पुसायची) सेटिंग बघा, ती दोन्ही बाजूंना चालू असेल तर सर्व्हरवरूनही जाणार.

मराठी-कोकणी मेल शोधणाऱ्यांसाठी एक. इंग्रजीत बुकिंग शोधलं की बुक, बुक्ड सगळं सापडतं कारण शब्दाचं मूळ काढायची सोय आत आहे, पण ती इंग्रजीपुरती. 'पावती' शोधलं तर 'पावत्या' नाही मिळणार, 'पावतीची' पण नाही. उपाय सोपा, 'पावत*' लिहा, तारा शब्दाच्या शेवटी चालतो. शब्दाच्या आधी लावून 'अमक्या अक्षरांनी संपणारे शब्द' शोधायला जाल तर मात्र काही होणार नाही. आणि जोडलेल्या पीडीएफच्या पोटातलं ते वाचत नाही, फाईलचं नाव तेवढं अटॅचमेंट: लावून शोधता येतं, त्यामुळे घरपट्टीची पावती 'स्कॅन००१' नावाने आली असेल तर ती तुम्हीच टॅग लावून ठेवा.

पोस्ट-न्यू हुकमध्ये, म्हणजे 'न्यू' संपलं की आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, स्वतःचे नियम लिहिता तेव्हा ते फक्त नव्या मेलवर चालतील असं करा. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये 'अमक्याकडून आलं की इनबॉक्स लाव' एवढंच होतं, त्यामुळे दर वेळी 'न्यू' मारलं की मी बाजूला काढलेल्या मेल भुतासारख्या परत इनबॉक्सात. कॉन्फिगमध्ये नव्या मेलला फक्त 'न्यू' हा टॅग द्या, हुकमधल्या प्रत्येक नियमात टॅग:न्यू घाला, आणि शेवटी तो टॅग काढून टाका. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परमिशन द्यायची राहिली तर ती चालणारच नाही, यात माझी एक संध्याकाळ गेलेली आहे.

उरला बॅकअप. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप दगा देणार हे दिसत होतं म्हणून मी मेलचं फोल्डर पेनड्राईव्हवर उचललं, cp या कॉपीच्या कमांडला 'मेल/*' देऊन. तारा टिंबाने सुरू होणारी नावं उचलत नाही, आणि माझा डेटाबेस होता '.नॉटमच' नावाच्या लपलेल्या फोल्डरात. मेल सगळ्या आल्या, चार वर्षांचे टॅग एकही नाही. आता दर शनिवारी क्रॉनमधून 'नॉटमच डंप --जीझिप --आउटपुट=' पुढे फाईलचं नाव, बस. जीझिप उघडलं की आत साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीत एका मेलचे टॅग आणि तिचा आयडी. दुसऱ्या मशीनवर मेल आणून 'न्यू' चालवा आणि मग 'नॉटमच रिस्टोर --इनपुट=' ने ती फाईल द्या. आधी रिस्टोर आणि मग न्यू असं उलटं केलंत तर ज्या मेल अजून सूचीतच नाहीत त्यांचे टॅग लागणार कुठे? आतेभावाच्या लॅपटॉपवर मी नेमकं तेच केलं होतं, पण डंप हातात होता म्हणून परत रिस्टोर मारलं आणि त्याला पत्ताही लागला नाही.