ट्रान्झिशनल इयर आणि शहर कसं निवडायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं एमबीबीएस करून अमेरिकेला रेडिओलॉजी किंवा अ‍ॅनेस्थेशियाला जाणाऱ्यांनो, रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष बऱ्याचदा वेगळं मॅच करावं लागतं, म्हणजे त्याची जागा वेगळी मिळवावी लागते; वेगवेगळ्या विभागांत फिरून काढायचं असं वर्ष म्हणजे ट्रान्झिशनल इयर, म्हणून आधी प्रोग्राम जे-१ (ट्रेनिंगला येणाऱ्या परदेशी डॉक्टरांचा) व्हिसावाल्यांना घेतो का ते बघा, नाहीतर बाकी सगळं फुकट. मग इलेक्टिव्ह (आपल्या आवडीच्या पोस्टिंग) किती, आयसीयू आणि नाईट किती, हे तिथल्या रेसिडेंटलाच विचारा, वेबसाईटवर सगळं गोडच असतंय. जागा कमी, चुरस जास्त, तेव्हा प्रिलिमिनरी मेडिसिन, म्हणजे मुख्यतः मेडिसिनमध्येच काढायचं पहिलं वर्ष, तेपण भरा. सप्लिमेंटल रँक लिस्टमध्ये (पहिल्या वर्षासाठीची वेगळी पसंतीयादी) पुढच्या प्रोग्रामच्या शहरातलं वर ठेवलं तर वर्षात परत सामान हलवायला नको. भाडं, बस आहे का गाडी घ्यावी लागणार, तेपण बघा. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या बर्फापुढं आपली डिसेंबरची थंडी काहीच नाही हं!