माइनक्राफ्टमध्ये मिनिमॅप लावताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात भर दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं माइनक्राफ्टमध्ये गावं वसवतात, गावाच्या मधोमध ‘झिरो माईल’ नावाचा वेपॉइंट (नकाशावरची खूण) ठोकतात, आणि मग कोणाचा तरी मेसेज येतोच: “दादा, मॉड टाकला तं गेमच सुरू नाही होऊन राहिला.” अशा तक्रारीत मॉड, म्हणजे गेमला बाहेरून जोडलेली भर, बहुधा धड असतो. गेमची आवृत्ती, लोडर (मॉड गेममध्ये चढवणारा प्रोग्राम) आणि जावा (ज्यावर गेम चालतो ते सॉफ्टवेअर) या तिघांपैकी कोणीतरी दुसऱ्याशी जुळत नसतं.

आधी एक खुलासा. झेरोज मिनिमॅप आणि जर्नीमॅप (पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा दाखवणारे मॉड), सोडियम (गेमचा वेग वाढवणारा मॉड) ही मंडळी माइनक्राफ्टच्या जावा एडिशनसाठी आहेत. मोबाइलवर किंवा कन्सोलवर चालते ती बेडरॉक एडिशन. तिथे यांचा काही उपयोग नाही. ‘मोबाइलसाठी झेरोज मिनिमॅप’ असं लिहिलेलं काही दिसलं तर हात लावू नका.

चूक पहिली: मित्राचा अख्खा मॉड्स फोल्डर उचलून आणणे

पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून फाइल आली, फोल्डरमध्ये टाकली, झालं. पण मित्र १.२०.१ वर फोर्ज घेऊन खेळतो आणि तुमच्याकडे १.२१ वर फॅब्रिक आहे (हे दोन वेगळे लोडर), तर त्यातल्या बहुतेक फाइली तुमच्या कामाच्या नाहीत. मॉडच्या फाइलच्या नावातच साधारणपणे लोडर आणि गेमची आवृत्ती लिहिलेली असते. ते नाव वाचायचं. १.२०.१ आणि १.२०.४ यांतला शेवटचा आकडाही महत्त्वाचा असतो. फोर्ज आणि निओफोर्ज यांतही गल्लत होते. २०२३ मध्ये निओफोर्ज फोर्जपासून वेगळा झाला, आणि नव्या आवृत्त्यांवर एकाचा मॉड दुसऱ्यावर चालेलच असं धरून चालू नका.

फॅब्रिकवाल्यांची नेहमीची फजिती म्हणजे फॅब्रिक एपीआय (बऱ्याच मॉडना लागणारा आधाराचा मॉड) विसरणे. लोडर बसवला म्हणजे तो आपोआप येत नाही, तो मॉड्स फोल्डरात वेगळा टाकावा लागतो. गंमत अशी की गेम हे स्वतःच सांगतो. ‘इनकम्पॅटिबल मॉड्स फाउंड’ अशी खिडकी उघडते आणि तिच्यात कोणत्या मॉडला काय हवंय, कोणती आवृत्ती हवी, सगळं लिहिलेलं असतं. पोरं ती न वाचता बंद करतात आणि मग गेम पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

जावाचा हिशोब असा: १.१६.५ पर्यंत जावा ८, १.१७ ला १६, १.१८ ते १.२०.४ ला १७ आणि १.२०.५ पासून १.२१ च्या मालिकेपर्यंत २१. अधिकृत लाँचर गेमसाठी लागणारा जावा स्वतःच आणतो, त्यामुळे खेळताना सहसा अडत नाही. अडतं ते फोर्जचा इन्स्टॉलर चालवताना. डबल क्लिक केलं की तो विनरारमध्ये उघडतो, कारण मशीनवर जावाच नसतो किंवा जार फाइल विनरारला जोडलेली असते. मग कोणीतरी ती एक्स्ट्रॅक्ट करून आतले फोल्डर मॉड्समध्ये ओततो. मॉडची जार फाइल असो की इन्स्टॉलरची, ती कधीच सोडवायची नसते.

चूक दुसरी: एकाच कामाला दोन मॉड

झेरोज आणि जर्नीमॅप दोन्ही टाकले तर दोन नकाशे एकमेकांवर चढतात आणि वेपॉइंटच्या ‘बी’ बटणावरून भांडतात. एक ठेवा. सोडियम आणि ऑप्टिफाइन (हाही वेग वाढवणारा मॉड) तर एकत्र नांदतच नाहीत, दोघांनाही पडद्यावरचं चित्र काढायचं काम स्वतःकडेच हवं असतं. सोडियमसोबत शेडर (प्रकाश-सावल्यांचे इफेक्ट) पाहिजे असतील तर आयरिस हा मॉड घ्या.

गेम अडकतो म्हणून रॅम वाढवायची, हाही आवडता उपाय. ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेमला ६ जीबी दिले तर विंडोजला काय उरणार? अशा मशीनवर ३-४ जीबी पुरे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. तेव्हा मॉडला शिव्या देण्याआधी रेंडर डिस्टन्स (किती दूरवरचं दिसावं तो आकडा) कमी करा आणि लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा. फक्त कूलरच्या झोतात नको, त्या हवेत पाणी असतं.

“नकाशा गायब झाला”

ही तक्रार सगळ्यांत जास्त रडकुंडीला आणणारी. महिनाभर फिरून उजळलेला नकाशा, बर्डी, महाल, इतवारी अशा नावांचे वेपॉइंट, आणि एका संध्याकाळी सगळं कोरं. नकाशा बहुतेक वेळा जागेवरच असतो. मिनिमॅप हा क्लायंट मॉड आहे, त्याचा सगळा साठा तुमच्या मशीनवर असतो, आणि झेरोज तो सर्व्हरच्या पत्त्यानुसार वेगवेगळ्या फोल्डरात ठेवतो. मित्राच्या घरून चालणारा सर्व्हर असेल, लाईन गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, तर पत्ता बदलू शकतो. मॉडच्या दृष्टीने हा नवाच सर्व्हर.

उपाय: गेम पूर्ण बंद करा. गेमच्या फोल्डरात ‘झेरो’ (xaero) नावाचा फोल्डर असतो, त्याची आधी कॉपी करून ठेवा. आत मिनिमॅप आणि (झेरोजचा वर्ल्ड मॅप हा वेगळा मॉड टाकला असेल तर) वर्ल्ड मॅप असे दोन भाग असतात, आणि दोन्हींत जुन्या पत्त्याचा एक आणि नव्या पत्त्याचा एक असे फोल्डर सापडतील. नवा रिकामा बाजूला काढा, जुन्याला नेमकं नव्याचं नाव द्या. वेपॉइंट मिनिमॅपमध्ये असतात, उजळलेला नकाशा वर्ल्ड मॅपमध्ये. एकच बदलला तर अर्धंच परत येतं. गेम पुन्हा इन्स्टॉल करताना किंवा फोल्डर साफ करताना हाच साठा नकळत उडवला जातो, म्हणून कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर असू द्या.

नकाशा फक्त जवळपासचाच दिसतो, हा मात्र बिघाड नाही. सर्व्हर जेवढा प्रदेश पाठवतो तेवढाच मॉड रंगवतो. सर्व्हरचं मूळ व्ह्यू डिस्टन्स १० चंक (चंक म्हणजे १६×१६ ब्लॉकचा तुकडा) असतं. तुम्ही आपल्याकडे ३२ केलं तर लॅपटॉप तापेल, नकाशा वाढणार नाही. आणि नेदरमधले (गेममधल्या दुसऱ्या, पाताळासारख्या जगातले) जागेचे आकडे मित्राला जसेच्या तसे सांगू नका. नेदरमधला १ ब्लॉक म्हणजे वरच्या नेहमीच्या जगातले ८.

केव्ह मोड (जमिनीखालच्या गुहा दाखवणारा) किंवा रडार (आसपासचे खेळाडू आणि प्राणी दाखवणारा) अचानक बंद पडला तरी मॉड काढून फेकू नका. सर्व्हर एक छुपा संदेश पाठवून झेरोजच्या अशा सोयी बंद करू शकतो. दुसऱ्याची जागा भिंतीपलीकडून दिसणं बऱ्याच सर्व्हरांवर चीटिंग धरतात. झेरोजची फेअर-प्ले आवृत्ती त्यासाठीच आहे. नियम आधी विचारा, बॅन झाल्यावर नाही.

फाइल कुठून आणता?

मॉड्रिंथ, कर्सफोर्ज किंवा मॉड बनवणाऱ्याचं स्वतःचं पान. एवढंच. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस कर्सफोर्जवरच्या काही मॉडमधूनही पसरला होता आणि ब्राउझरमधली लॉगिन चोरत होता. मग अनोळखी साइटवरच्या ‘फुल व्हर्जन’चं काय सांगावं! अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलेलं दिसलं की ते पान बंद करा.

इतकं करूनही गेम कोसळत असेल तर अर्धे मॉड बाहेर काढून चालवा. चालला, तर दोषी बाहेरच्या अर्ध्यात. नाही, तर आतल्या. असं निम्मं-निम्मं करत गेलं की लवकर सापडतो. मदत मागताना स्क्रीनचा तिरपा फोटो कोणाला पाठवू नका. लॉग्स फोल्डरातली ‘लेटेस्ट’ नावाची फाइल पाठवा, आणि सोबत गेमची आवृत्ती, लोडर आणि शेवटचा टाकलेला मॉड कोणता ते लिहा.