एका लॅटिन शब्दाचा माग कसा काढावा : ‘कॅमेरा’ या शब्दाच्या आधारे

गोव्यात लॅटिन मुळाचे शब्द मुख्यतः दोन वाटांनी आले : पोर्तुगीज राजवटीबरोबर आणि इंग्रजीबरोबर. एकच मूळ शब्द जेव्हा दोन्ही वाटांनी येऊन वेगवेगळ्या रूपांत आपल्या भाषाव्यवहारात शिरतो, तेव्हा त्याची व्युत्पत्ती शोधणाऱ्याला दोन्ही रूपे एकमेकांशी ताडून पाहता येतात. ‘कॅमेरा’ हा असाच शब्द असल्यामुळे व्युत्पत्तिशोधाची रीत समजावून घेण्यासाठी तोच घेऊ.

आरंभी शब्दकोश उघडू नये. वाक्ये गोळा करावीत. शब्द सुटा टिपला की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे वाटते आणि शोध तिथेच खुंटतो. ‘कॅमेऱ्यात छायाचित्र टिपले’ हे एक वाक्य झाले. न्यायालयाच्या बातमीत ‘सुनावणी इन-कॅमेरा झाली’ असे येते. पुष्कळ वाचक त्याचा अर्थ चित्रीकरणासह झालेली सुनावणी असा घेतात, प्रत्यक्षात ती बंद दालनात, त्रयस्थांना प्रवेश न देता होते. १९६१ पूर्वीच्या गोव्यातील कागदपत्रांत नगरपालिकेला ‘कामारा म्युनिसिपाल’ म्हटलेले आढळते. पोर्तुगीज भाषेत चाकाच्या आतल्या रबरी ट्यूबलाही ‘कामारा द आर’, म्हणजे हवेची कोठडी, असे नाव आहे. शेजारच्या हिंदीतील ‘कमरा’ही याच यादीत लिहून ठेवावा.

यानंतर कोशांकडे वळावे. पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज पुस्तके व वृत्तपत्रे जतन केलेली आहेत. कोणता पोर्तुगीज शब्द आशियातील कोणकोणत्या भाषांत गेला, हे पाहण्यासाठी आसगावात १८५५ मध्ये जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही हाताशी असावा. पोर्तुगीज न जाणणाऱ्यांसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. एका गोमंतकीयाने एवढ्या भाषांचा धांडोळा घेऊन केलेले हे काम आपल्याकडे फार कमी वाचले जाते, याची खंत वाटते.

कोशांतून मागे गेल्यावर वाट अशी दिसते : ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत, लॅटिनमध्ये ‘कामेरा’ अथवा ‘कामारा’ म्हणजे तेच छत, आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये अशा छताखालची खोली. पोर्तुगीज ‘कामारा’ आणि त्यातून आलेला हिंदी ‘कमरा’ यांत खोलीचा अर्थ टिकला. जिथे कारभारी मंडळी बसत त्या खोलीचे नाव पुढे त्या मंडळींनाच लागले. आपल्याकडे ‘दरबार’ हा शब्द जागेलाही लागतो आणि तिथे जमलेल्यांनाही, तसेच हे झाले. दुसरीकडे, लहानशा छिद्रातून प्रकाश आत घेऊन समोरच्या भिंतीवर बाहेरचे उलटे दृश्य पाडणाऱ्या अंधाऱ्या खोलीला खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये लॅटिनमध्ये ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ म्हटले. ती खोली आकसत पेटीएवढी झाली, एकोणिसाव्या शतकात त्या पेटीत प्रकाशसंवेदी पत्रा आला, विशेषण गळून पडले आणि ‘कॅमेरा’ एवढेच उरले. न्यायालयीन ‘इन-कॅमेरा’मध्ये मात्र लॅटिनमधील जुनी खोली तशीच राहिली आहे, म्हणून त्या सुनावणीचा छायाचित्रणाशी काहीही संबंध नाही.

अर्थ जुळले तरी काम संपत नाही, कारण ध्वनींची परीक्षा अधिक कठोर असते. इंग्रजी ‘चेंबर’ हाही याच मुळाचा, असे कोश सांगतात. ते पटवून घ्यायचे असेल तर त्याच घडणीचा दुसरा शब्द शोधावा. लॅटिन ‘कांतारे’ म्हणजे गाणे. पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘कांतार’ झाले आणि तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातील ‘कांतार’, म्हणजे गाणे, म्हणून ते गोव्यात घरोघरी पोहोचले. फ्रेंचमध्ये मात्र त्याच ‘का’चा ‘शा’ होऊन ‘शांते’ झाले. ‘कामेरा’चेही फ्रेंचमध्ये ‘शांब्र’ झाले : मधला स्वर गळला, ‘म’ आणि ‘र’ जवळ आले आणि उच्चाराच्या सोयीसाठी त्यांच्यामध्ये ‘ब’ शिरला. जुन्या फ्रेंचमध्ये आरंभीचा ध्वनी ‘च’ होता, त्या काळात शब्द इंग्रजीत गेला, म्हणून तिथे ‘चेंबर’. असा नियम किमान दोन-तीन शब्दांत दाखवता आला तरच नाते मानावे.

ज्यांचे रूप फसवे आहे अशा शब्दांवर हीच कसोटी लावावी. आफ्रिकेतील ‘कॅमेरून’ हे देशनाम कानाला ‘कॅमेरा’च्या कुळातले वाटते. परंतु तेथील नदीला पोर्तुगीज खलाशांनी ‘रिओ दुश कामारोंइश’, म्हणजे कोळंब्यांची नदी, असे नाव दिले होते आणि देशाचे नाव त्यावरून आले. त्यातील ‘कामारांव’ हा कोळंबीवाचक शब्द लॅटिन ‘काम्मारुस’पासून निघाला आहे. तो एका कवचधारी जलचराचा वाचक असून त्यात ‘म’ दुहेरी आहे, आणि कमानदार छताशी त्याचा संबंध जोडणारा एकही मधला अर्थ सापडत नाही. अशी नोंद आपल्या यादीतून खोडून टाकावी, पण ती का खोडली हे तिच्यापुढे लिहून ठेवावे.