शेतातल्या जुन्या समाध्या कोणाच्या, हे असं शोधणं चाललंय

आम्ही लिंगायत, आमच्यात दफन करतेत, लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या शेतात बांधाला बाभळीखाली जुन्या समाध्या हैत पण कोणाच्या ते घरात कुणालाच सांगता येईना. सातबाऱ्यावर काहीच नाही. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून 1954-55 च्या खासरा पाहणीची (कोणतं शेत कोणाकडं, याची जुनी सरकारी नोंद) नक्कल काढली, त्यात पणजोबाचं नाव निघालं, त्याआधीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, ते एका रिटायर गुरुजींकडून वाचून घेतले. त्यात साल फसली (निजामाच्या काळातलं महसुली साल) असतंय, त्यात 590 मिळवा, इसवी सन येतो (एखादं वर्ष इकडंतिकडं).

खरी मजा दगडात हाय. ॲसिड, तारेचा ब्रश अजिबात लावू नका, अक्षरंच जातेत. नुसतं पाणी आन मऊ ब्रश, मग अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला टेकवून आडवा धरायचा, सावली पडली की झिजलेलं अक्षर बी उठून दिसतंय. नंदीच्या खाली 'शके 1840 कार्तिक' लागलं. 78 मिळवले की 1918, म्हणजे मानमोडीची (इन्फ्लुएंझा तापाची) साथ! शेजारच्या दगडावर बी तेच साल, आन तो दगड लहान लेकराच्या मापाचा. नावं अजून पुरती लागली नाहीत, मठातल्या स्वामींकडं जुनी वही हाय म्हणतेत, दिवाळीनंतर जाणार.