वीज गेल्यावर सर्व्हर सुखरूप बंद होण्यासाठी

यूपीएस बसवला की वीज जाण्याची काळजी मिटली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बॅटरीवर मिळणारी दहा-पंधरा मिनिटे काम रेटण्यासाठी नसतात. वीज परत आलीच नाही, तर सगळी यंत्रणा क्रमाने बंद करता यावी, यासाठी ती असतात. डेटाबेसच्या नोंदी डिस्कवर लिहिल्या जात असताना वीज तुटली, तर फाइल अर्धवट राहते आणि ती दुरुस्त करण्यात पुढचा अख्खा दिवस जाऊ शकतो.

सर्वप्रथम लोड मोजावा. खोक्यावर ठळक छापलेला आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअर) असतो. आपल्याला पाहायचे असतात ते वॅट. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएपैकी किती भाग वॅट म्हणून मिळतो ते प्रमाण, 0.6 असलेल्या 1500 व्हीएच्या यूपीएसवर जास्तीत जास्त 900 वॅट चालतात. प्रत्येकी 250 वॅट घेणारे तीन सर्व्हर आणि 100 वॅटची नेटवर्क उपकरणे त्याला जोडली, तर 850 वॅट तिथेच भरतात. शिवाय लोड दुप्पट झाला, तर लेड-ॲसिड बॅटरीचा बॅकअप निम्म्याहूनही कमी होतो. सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर लिहिलेले वॅट ही त्याची कमाल क्षमता असते, त्यामुळे खरा वापर काम जोरात चालू असताना वॅटमीटर लावूनच पाहावा.

ऑफलाइन आणि लाइन इंटरॅक्टिव्ह या प्रकारच्या यूपीएसला बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात. ऑनलाइन यूपीएस येणारी वीज आधी डीसी करून पुन्हा एसी करतो, म्हणून त्यात खंड पडत नाही. जिथे जनरेटर आहे किंवा व्होल्टेज सतत वरखाली होते, तिथे सर्व्हरसाठी ऑनलाइनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. गरम होताना तो एकदम मोठा लोड ओढतो.

जोडणीतील एक चूक मी स्वतः केली आहे. सर्व्हर यूपीएसवर होते, पण रॅकमागचा छोटा नेटवर्क स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटला राहिला होता. वीज गेली, एका सर्व्हरने इतरांना बंद होण्याचा निरोप पाठवला. परंतु स्विचच बंद असल्यामुळे तो कोणालाच मिळाला नाही आणि बॅटरी संपताच बाकीचे सर्व्हर धाडकन बंद पडले. निरोप ज्या ज्या उपकरणातून जातो, ते प्रत्येक उपकरण बॅटरीवर असलेच पाहिजे.

हा निरोप देण्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. यूपीएस यूएसबी केबलने एका सर्व्हरला जोडायचा आणि इतर सर्व्हरनी त्याच्याकडून बॅटरीची स्थिती घ्यायची, अशी त्याची रचना असते. व्हर्च्युअल मशीनसह (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेले आभासी संगणक) सगळे बंद होण्यास किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून पाहावे आणि बॅकअप त्याच्या दुपटीइतका शिल्लक असतानाच बंद करण्याचा आदेश सुटेल, अशी मर्यादा ठरवावी. सर्व्हर बंद होत असतानाच वीज परत आली, तर एक वेगळी अडचण उभी राहते: त्यांचा पुरवठा तुटलेलाच नसतो, म्हणून ते आपोआप सुरू होत नाहीत. यासाठी शेवटी यूपीएसने आउटपुट क्षणभर तोडून पुन्हा द्यावा, अशी व्यवस्था करावी आणि सर्व्हरच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) वीज येताच सुरू होण्याचा पर्याय निवडावा. स्विच आणि स्टोरेज आधी, सर्व्हर नंतर, हा क्रम राखण्यासाठी सर्व्हरना थोडा विलंब द्यावा.

चाचणी कामाची वेळ संपल्यावर, डेटाची बॅकअप प्रत घेऊन करावी. प्लग उपसू नये, कारण त्यामुळे अर्थिंगही तुटते. यूपीएसला वीज देणारा एमसीबी (बोर्डावरचा खटका) खाली पाडावा आणि शेवटचा सर्व्हर बंद होईपर्यंत तिथेच उभे राहावे.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षे टिकते. 25 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले, की हे आयुष्य झपाट्याने घटते. बॅटरी बसवल्याची तारीख यूपीएसच्या दर्शनी बाजूस चिकटवावी, आणि बॅटरीची बाजू फुगलेली दिसली, तर त्या तारखेकडे न पाहता ती त्वरित बदलावी.