साडीतली आपली ढब: आधी ब्लाउज पक्का करा

कपाटात तीस साड्या असतात आणि हात फिरून फिरून त्याच चार साड्यांकडे जातो. उरलेल्यांचे ब्लाउज घालून बघा, कारण तिथेच सापडतं: एक काखेत काचतो, दुसरा खांद्यावरून घसरतो, तिसऱ्याचा गळा आपल्याला शोभत नाही. तेव्हा नवी साडी घेण्याआधी आपल्या मापाचा, आपल्या ढंगाचा एक ब्लाउज पक्का करा. एकदा तो जमला की जुन्या साड्याही नव्याने अंगाला लागतात.

सगळ्यात सुखाचा वाटतो तो ब्लाउज पलंगावर सपाट पसरा आणि टेपने मोजा: पुढचा गळा, मागचा गळा, खांदा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, उंची. आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक शिलाईला हीच वही शिंप्याकडे न्यायची.

मग ३६ इंच पन्न्याचं, म्हणजे रुंदीचं, साधं सुती कापड १ मीटर घ्या. कापड आणि अस्तर वेगवेगळं रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच शिवायला टाका. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगे आल्यासारखं दिसतं. दोन्ही कुशींना १ इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवायला बजावून सांगा. वजन वाढलं तर ब्लाउज उसवून सैल करता येतो.

ट्रायलला नुसतं आरशात बघू नका. वरच्या फळीवरचा डबा काढतो तसे दोन्ही हात वर करा. ब्लाउज सगळाच वर सरकला तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, फार खाली कापलाय. इथे हमखास गफलत होते: बाई म्हणते ‘काखेत सैल करा’, शिंपी मुंढा आणखी खाली उतरवतो आणि हात वर करणं अजूनच अवघड होतं. पुढच्या ब्लाउजला मुंढा काखेजवळ ठेवायला आणि बाही दंडात अर्धा इंच सैल करायला सांगा. खांदा घसरत असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे खोल झालेत. एक वर घ्या, नाहीतर मागे दोरी लावा. कोपरापर्यंत बाही हवी असेल तर घेर हात वाकवून मोजायचा.

आता रंग. सगळ्या साड्या उजेडात पसरून काठ आणि पदर यांचे रंग मोजा. साडीच्या अंगाच्या रंगाचा ब्लाउज एकाच साडीपुरता उरतो. काठाच्या रंगाचा पाच-सहा साड्यांवर चालतो. मरून, काळा, बाटली हिरवा आणि मोहरी अशा चार रंगांत बरंच भागतं. पैठणीचा पदर इतका भरलेला असतो की ब्लाउज साधा ठेवलेलाच बरा. इरकली साडीवर मात्र खण खुलतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा पन्ना लहान असतो, म्हणून किती लांबी लागेल ते शिंप्याला विचारूनच कापड घ्या. काठ बाहीवर हवा की पाठीवर, तेही कापण्याआधी सांगायचं.

फॉल सुती असेल तर तोही आधी भिजवून घ्या. न भिजवलेला फॉल धुतल्यावर आटतो, खालचा काठ गोळा होतो आणि निऱ्या सरळ पडत नाहीत.

परकर साडीपेक्षा इंचभर वर ठेवा. पातळ सुती साडीखाली कमी घेराचा, सुती नाड्याचा परकर बरा. सॅटिनच्या परकरावरून निऱ्या सारख्या निसटतात.

पदराची पिन तलम साडीला भोक पाडते. पिनेत आधी एक बारीक मोती ओवून तो वळणापर्यंत सरकवा आणि मग पदराच्या सगळ्या घड्या घेऊन पिन ब्लाउजच्या खांद्यावरच्या शिलाईत टोचा. कापड वळणात अडकत नाही आणि पिन काढताना धागाही ओढला जात नाही.