युफोनियमसाठी माउथपीस कसा निवडावा

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी ऑनलाइन एक माउथपीस मागवला. चांगल्या कंपनीचा, चांदीचा मुलामा, आरशासारखा चकचकीत. खोका फोडला, युफोनियमला, म्हणजे बँडमधल्या त्या फुंकून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याला लावायला गेलो, तर नळीच्या तोंडाशीच अडला. फिरवून पाहिला, दाबून पाहिला, आत जाईचना. दुसऱ्या दिवशी पंचवटीतून वरात निघायची होती, ती जुन्याच माउथपीसवर वाजवली. माझा मेव्हणा अंबडच्या एमआयडीसीत टर्नर आहे. त्याने दोन्ही माउथपीसच्या टोकांना व्हर्नियर लावला आणि म्हणाला, "दाजी, तुमचा जुना अकरा पॉइंट एक, हा बारा पॉइंट सात. बसणार कसा?"

नऊ वर्षं वाजवतोय, पण शँकचं माप मला तोवर ठाऊक नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी शँक मोजा

शँक म्हणजे माउथपीसचा नळीत जाणारा निमुळता दांडा. युफोनियममध्ये त्याची तीन मापं चालतात. लहान शँक टोकाला साधारण ११ मि.मी., मोठा साधारण १२.५ ते १२.७ मि.मी. आणि या दोहोंच्या मधला एक, ज्याला युरोपियन किंवा मीडियम शँक म्हणतात. यामाहाचे २०१ आणि ३२१ हे युफोनियम लहान शँकचे. ६४२ आणि ८४२ मोठ्या शँकचे. मीडियम शँक बेसन कंपनीच्या जुन्या युफोनियमवर हमखास भेटतो. आपल्याकडच्या बँड पथकांत मेरठच्या बनावटीची वाद्यं भरपूर, त्यातही दोन-तीन हातांतून फिरून आलेली. तिथे वाद्यावरचं नाव वाचून काही ठरवू नका, मोजाच.

हा दांडा दर २० मि.मी. लांबीला साधारण १ मि.मी. जाड होत जातो. म्हणजे टोकाला दीड मिलिमीटरचा फरक असला तर आत जाण्यात तब्बल तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. माझा अडला तो याच हिशेबाने. उलट लहान शँक मोठ्या तोंडाच्या वाद्यात घातला की तो सुळकन खोल उतरतो आणि डुगडुगतो. मग काही जण दोरा नाहीतर कागद गुंडाळून वेळ मारून नेतात. एका वरातीपुरतं ठीक, पण हवा गळते आणि सूरही ठिकाणावर राहत नाही. त्यापेक्षा तयार ॲडॉप्टर मिळतो, तो घ्या.

घरी तपासायचं असेल तर सध्या नीट बसणारा माउथपीस लावा, नळीच्या कडेशी पेन्सिलीने खूण करा आणि काढून बघा. साधारण अडीच सेंटिमीटर आत गेलेला असला पाहिजे. मग टोकाचा व्यास मोजा. व्हर्नियर नसेल तर सातपूर-अंबडला नोकरीला असलेला एखादा पाहुणा नाशिकमध्ये कुणालाही सापडतो. शेवटी लावलेला माउथपीस बोटाने हलवून पाहा. जरा जरी डुगडुगला तरी माप चुकलं.

मग कपाचा व्यास

कप म्हणजे माउथपीसची वाटी. तिच्या ओठांवर टेकते त्या कडेला रिम म्हणतात. रिमच्या आतला व्यास युफोनियमला बहुतेक वेळा २५ ते २६ मि.मी. असतो. अर्ध्या मिलिमीटरने काय होणार, असं वाटतं. ओठांना मात्र तो फरक पहिल्याच फुंकीत कळतो. शिकाऊ वादकाला बाख कंपनीचा साडेसहा एएल, म्हणजे २५.४ मि.मी., हा सुरुवातीला बिनधोक. लहान मुलं २४.५ मि.मी.च्या १२सी वरही छान शिकतात. रोजचा रियाज आहे, श्वास भरपूर आहे, त्यांनी २६ च्या आसपास जावं. शिल्केचा ५१डी आणि डेनिस विकचा एसएम४ हे युफोनियमवाल्यांचे जुने आवडते.

इथे एक गोची आहे. बाख आणि डेनिस विक यांचा आकडा जितका लहान तितका कप मोठा. यामाहा आणि शिल्के यांचं नेमकं उलट, आकडा मोठा तर कप मोठा. कपाची खोली सांगणाऱ्या अक्षरांचंही तेच: बाखचा ए सगळ्यात खोल, यामाहाचा ए सगळ्यात उथळ. "मला चार नंबर द्या" असं दुकानात सांगितलंत तर हातात काय पडेल याचा नेम नाही. मिलिमीटरमध्ये विचारा.

कपाची खोली, आणि ढोलाचा मोह

युफोनियमचा आवाज गोल, भरलेला, गळ्यातून आल्यासारखा. तो खोल कपातून येतो. कप उथळ केला की वरचे सूर सोपे होतात, आवाज टोकदार होतो आणि लांब जातो. शेजारी नाशिक ढोल दणाणत असताना हा मोह होतोच. मीही मध्यंतरी एक उथळ ट्रॉम्बोन माउथपीस लावून हिंडलो. शँक सारखा असल्याने तो बसतो. आवाज पुढे गेला, पण तो युफोनियमचा राहिला नव्हता. आमच्या मास्तरांनी, जे लष्करी बँडमधून निवृत्त झालेत, मागे वळून एवढंच विचारलं, "कोण आलंय रे नवीन?" ढोलाशी कुणीही जिंकत नाही. खोल कपच ठेवा आणि पथकात जागा बदलून घ्या.

रिम: तिसऱ्या तासाचा हिशेब

दुकानात पाच मिनिटं वाजवून प्रत्येक माउथपीस चांगलाच वाटतो. खरी परीक्षा वरातीच्या तिसऱ्या तासाला, घोडा हॉलच्या कमानीशी अडलेला आणि नवरदेवाचे मित्र "अजून एक" म्हणत असताना. अरुंद, धारदार रिमने सूर कसे सुटे, स्वच्छ येतात, पण ती ओठात रुतते. रुंद, गोलसर रिम दाब पसरवते. बसून तासभर वाजवणाऱ्याने अरुंद घ्यावी, रस्त्यावर वाजवणाऱ्याने रुंद. यात मला तरी काही शंका नाही.

म्हणून घेण्याआधी शक्य असेल तर किमान चाळीस मिनिटं वाजवा. खालचा लांब सूर, मग तोच अगदी हळू, मग वरचा. मोबाइलवर ट्यूनर लावून सूर कुठे घसरतो ते पाहा. नवा माउथपीस पहिल्या दिवशी परकाच वाटतो. निकाल दोन आठवड्यांनी द्या.

धातू आणि जुना माल

मुलामा चांदीचा असो की सोन्याचा, आवाजात फारसा फरक नाही. चांदीने ओठ खाजत असतील तर सोन्याचा घ्या. मुलामा उडून पितळ दिसू लागलेला माउथपीस तोंडाला लावू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री उशिरा धातू ओठाला चावतो. तेव्हा प्लास्टिकचा वापरतात, नाहीतर माउथपीस खिशात ऊबदार ठेवतात.

जुना घेताना रिमवरून नख फिरवा, खाच लागली तर परत द्या. टोक चेपलंय का पाहा. ते गोल करायचं निमुळतं हत्यार मिळतं. भांडी बाजारात पितळ ठोकणारे हात भरपूर आहेत, पण हे काम हातोडीचं नाही. नळीत अडकलेला माउथपीस पक्कडीने पिळूही नका, नळीच वाकते. त्यासाठी पुलर नावाचं ओढून काढायचं हत्यार असतं.

माझा तो मोठ्या शँकचा माउथपीस अजून कपाटात पडून आहे. मेव्हणा म्हणतो, लेथवर घासून अकरावर आणून देतो. मी देत नाही. आतलं भोकच जवळजवळ तेवढं आहे, भिंत उरणार नाही.